बोगस दाखल्यांचा आयकर

मुंबईच्या केएमजी वायर्स या कंपनीने 2023-24 या कर आकारणी वर्षासाठी 3.09 कोटी रुपये उत्पन्न दाखवले. आयकर खात्याच्या राष्ट्रीय फेसलेस आकारणी केंद्राने मार्च 2025 मध्ये ते 27.91 कोटी ठरवले. त्याच्या आधारांत तीन न्यायनिर्णय होते. आणि हे तिन्ही निर्णय कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते! ज्या पुरवठादाराने उत्तर दिले नाही असे आदेशात ठोकून दिले, त्याचे उत्तर बिलांसकट खात्याकडे आधीच पोहोचले होते. 6 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. कुलाबावाला व न्या. जामसंडेकर यांच्या खंडपीठाने हा आदेश रद्द केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या जमान्यात यंत्राने पुढे टाकलेले दाखले पडताळल्याविना वापरू नका, असे बजावले. अधिकाऱ्याला हे उच्च न्यायालयाने शिकवावे लागते!

त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठानेही असाच पराक्रम केला होता. आदेशात उद्धृत केलेले निकाल शोधूनही सापडेनात, तेव्हा तो मागे घेण्याची नामुष्की आली. 

यंत्राला कायदा कळत नाही. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द शोभतो एवढेच कळते. म्हणून पक्षकार, खंड, वर्ष, पान असा निकालाचा सारा थाट ते झोकात उभा करते, आत निकाल असो वा नसो. पण साहेबांना तर वाचता येते ना? सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 2023 पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. पाहिले नाहीत, कारण आकारणीची मुदत मार्चअखेर संपत होती, आकडा फुगवणारे काहीतरी हवे होते आणि फेसलेस व्यवस्थेत तोंड दाखवायची लाजही उरलेली नव्हती.

आता दांभिकपणा पाहा. चॅटजीपीटी आणि डीपसीक कार्यालयीन संगणकांवर वापरू नका, असे फर्मान आयकर खाते ज्याच्या अखत्यारीत येते त्याच अर्थ मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये काढले होते. कशासाठी? सरकारी माहितीची गुप्तता धोक्यात येते म्हणून! सरकारचे कागद बाहेर फुटू नयेत याची एवढी चिंता वाहणाऱ्या, पावतीवरचा एक आकडा पुसट दिसला तरी वजावट नाकारणाऱ्या, निवृत्त मास्तरालाही नोटिशीवर नोटीस धाडणाऱ्या या खात्याला, यंत्रातले खोटे नागरिकाच्या मानेवर बसू नये म्हणून मात्र दहा मिनिटे सवड नव्हती. ही चूक नव्हे. हा माज आहे.

केएमजी वायर्सला उच्च न्यायालयाची पायरी चढणे परवडले, म्हणून हे उघडकीस तरी आले. ज्याला ते परवडत नाही, तो मुकाट्याने भरतो.

मालाची देवघेव न होता फाडलेले बिल व्यापाऱ्याने वहीत घातले, तर या प्रकरणाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 271एएडी त्याच्यावर त्या बिलाच्या रकमेएवढाच दंड बसवते. खात्याच्या आदेशातही तीन बोगस नोंदी होत्या आणि त्या आदेशाने वाढवलेली एकूण रक्कम 24 कोटींहून अधिक होती. खात्याने आपलेच कलम स्वतःला लावावे, आणि वसुली सही करणाऱ्याच्या पगारापासून सुरू करावी.