शिष्यवृत्तीची यादी आणि संशोधकाचा पगार

दरवर्षी परदेश शिष्यवृत्तीची यादी लागते आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. पडलाच पाहिजे. पण त्या यादीत ज्यांचे नाव नसते त्यांचे पुढे काय होते, हे आपण विचारत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा देशभरासाठी १२५. एवढ्याशा दारातून अख्ख्या समाजाने परदेशी शिक्षण घ्यायचे, असे आपण गृहीत धरले आहे. हे दार रुंद करण्यासाठी लढलेच पाहिजे. पण शेजारी दुसरे दार आहे आणि आपल्या बहुसंख्य मुलामुलींना त्याची खबरच नाही, ही गोष्टही तितकीच गंभीर आहे.

ते दार म्हणजे युरोपातली संशोधकाची नोकरी. होय, नोकरी. नेदरलँड्स आणि नॉर्वेमध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. त्याला नेमणूकपत्र मिळते, पगार मिळतो, रजा मिळते, आजारपणाचे आणि बाळंतपणाचे संरक्षण मिळते. जर्मनीतही अशा पगारी जागा मोठ्या प्रमाणावर आहेत. आपल्याकडे काय चालते? जेआरएफचे महिना ३७ हजार रुपये मंजूर होऊनही ते वेळेवर हातात पडतील याची शाश्वती नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले. संशोधन हे काम आहे आणि कामाचा मोबदला हा हक्क आहे, हे तत्त्वच इथे मान्य नाही. इथे फेलोशिप म्हणजे सरकारची मेहेरबानी!

युरोपीय संघाने ही गोष्ट धोरण म्हणून उभी केली. २००५ मध्ये त्यांनी संशोधकांची सनद आणि भरतीची आचारसंहिता काढली. त्यात पीएचडी करणाऱ्यालाही व्यावसायिक म्हणून वागवा, जागा जाहीरपणे भरा, निवडीचे निकष आधी सांगा, असे म्हटले आहे. २०२३ मध्ये ही सनद नव्याने मांडली गेली. जागांच्या जाहिराती एकत्र मिळाव्यात म्हणून 'युरॅक्सेस' ही यंत्रणा आहे. ४० हून अधिक देशांत तिची केंद्रे आहेत. व्हिसा, घर, मुलांची शाळा, विमा यांबद्दल ती फुकट माहिती देतात. 'मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी' योजनेसाठी २०२१ ते २०२७ या काळात सुमारे ६६० कोटी युरोंची तरतूद आहे. या योजनेत कोणत्याही देशाचा नागरिक चालतो आणि वयाची अट नाही. उशिरा शिकलेल्या, मध्ये नोकरी केलेल्या, घर सांभाळून एमए-एमएस्सी केलेल्या आपल्या बहिणींना आणि भावांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता या योजनेतला एक नियम नीट समजून घ्या. ज्या देशात नेमणूक होणार आहे, त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावे. म्हणजे जर्मनीत दोन वर्षे मास्टर्स करून तिथेच थांबलेला मुलगा जर्मनीतल्या जागेसाठी बाद होतो, आणि नांदेडमध्ये बसलेली मुलगी युरोपातल्या प्रत्येक जागेसाठी पात्र ठरते. ज्याच्या बापाने पैसे भरून आधीच परदेशात पाठवले त्याला इथे आघाडी नाही. असा नियम आपल्या बाजूने क्वचितच पडतो.

दुसरी बाब कायद्याची. २०१६ च्या युरोपीय निर्देशानुसार संशोधकाला कुटुंब सोबत नेता येते, संशोधनासाठी एका सदस्य देशातून दुसऱ्या देशात जाता येते, आणि काम संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी किंवा व्यवसाय सुरू करण्यासाठी किमान नऊ महिने थांबता येते. डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून बाकी सदस्य देशांना तो लागू आहे.

याची किंमत बाबासाहेबांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात एवढ्या विद्वान माणसाला राहायला खोली मिळाली नाही. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या आधारावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॉनलाही गेले. १९२३ मध्ये डीएस्सी झाली. जे काम सलग झाले असते त्यात तीन वर्षांचा खंड पडला, कारण पैसा दुसऱ्याच्या मर्जीवर होता. तो खंड बाबासाहेबांनी भरून काढला. प्रत्येकाकडून ती अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

काही जण म्हणतील, आम्ही युरोपची जाहिरात करतो आहोत. तसे नाही. तिथेही संशोधकांचे शोषण आहे. जर्मनीत तात्पुरत्या करारांवर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षे काढायची आणि मग कायम जागा नसेल तर बाहेर पडायचे, असा कायदा आहे. त्याविरुद्ध २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी 'मी हाना आहे' ही मोहीम चालवली. आणि गुणवत्ता तिथेही हवेत तयार होत नाही. शिफारसपत्र कोण देणार? शोधनिबंधात नाव कोण घालणार? आपल्या विभागात गाईडची जात आणि विद्यार्थ्याची जात एक असली की ही पत्रे आपोआप मिळतात. म्हणजे जातीचे भांडवल इथून विमानात बसून तिथे पोहोचते, आणि तिथल्या निवड समितीला ते दिसतही नाही.

पण लढायला जागा आहे. २००५ च्या सनदेत भेदभाव करू नये अशा आधारांमध्ये 'सामाजिक मूळ' हा शब्द आहे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेच्या २१ व्या कलमात 'जन्म'ही आहे. २०१३ मध्ये युरोपीय संसदेने जातीय भेदभावाविरुद्ध ठराव केला. तेव्हा तिथे पोहोचलेल्या आपल्या संशोधकांनी विद्यापीठाच्या समता धोरणात जात हा शब्द यावा, ही मागणी लावून धरली पाहिजे. त्यासाठीही आधी तिथे आपली माणसे लागतात.

उरला प्रश्न ब्रेन ड्रेनचा. आपली मुले गेली तर समाजाचे काय, असा सवाल आपलेच लोक करतात. तो खरा आहे, पण विचारला चुकीच्या माणसाला जातो. क्युरी योजनेत युरोपबाहेर गेलेल्या संशोधकासाठी ग्लोबल फेलोशिप आहे. तिच्यात शेवटचे १२ महिने युरोपात परतून काम करायचे असते आणि त्याचे पैसे आधीच ठरलेले असतात. परत येणे हा तिथे योजनेचा भाग आहे. आपल्याकडे परत आलेल्या दलित संशोधकाला राखीव जागेच्या मुलाखतीत काय मिळते? 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा! परतीची वाट सरकारने बंद करायची आणि दोष जाणाऱ्याला द्यायचा, हे चालणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे दोन पातळ्यांवर आहे. सरकारकडे मागणी: शिष्यवृत्तीच्या जागा वाढवा. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय इतिहास, संस्कृती आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास वगळणारी अट घातली गेली, तसली बंधने नकोत. जातीचा अभ्यास आम्ही नाही करायचा तर कोणी करायचा? ज्यांना पगारी जागा मिळाली त्यांना पहिला पगार होईपर्यंतचा खर्च द्या. भाषेच्या परीक्षेची फी, व्हिसा आणि तिकीट इथेच आपली मुले अडतात. आणि परतणाऱ्यांसाठी विद्यापीठांत जागा भरा.

समाजाकडे मागणी: प्रत्येक जिल्ह्यातल्या वसतिगृहात आणि अभ्यासिकेत युरॅक्सेसच्या जाहिराती मराठीत समजावून सांगणारा एक तरी गट हवा. जे गेले आहेत त्यांनी दर वर्षी किमान दोघांचे अर्ज तपासावेत. जे प्राध्यापक झाले आहेत त्यांनी शिफारसपत्र मागायला आलेल्या मुलीला तीन चकरा मारायला लावू नयेत. अभिनंदनाचे बॅनर नंतर लावू. आधी अर्ज भरू.

जय भीम!