हलका पेचकस

मुलांनो, तुमच्या घरी एखाद्या डब्यात किंवा खणात एक पेचकस नक्की असेल. हा शब्द तुम्हांला परका नाही. 'पेच' आणि 'कश' हे शब्द फारसीतून उर्दूत आले आणि मराठीनेही ते आपलेसे केले. पतंगाचा पेच, कुस्तीतले डावपेच आणि हा पेचकस, सारे एकाच घरचे! आता बाजारात बॅटरीवर चालणारे पेचकसही मिळतात. वायर नाही, मनगट पिळणे नाही. बटण दाबले की स्क्रू फिरू लागतो. घरासाठी असा पेचकस घ्यायचा असेल, तर माझे मत स्पष्ट आहे. मोठा घेऊ नका, हलका घ्या.

दुकानदार बहुधा याच्या उलट सांगेल. "पैसे घालताच आहात, तर मोठे मशीन घ्या," असे तो म्हणेल. मीही एकदा असाच फसलो. आमच्या अम्मीच्या कपाटाची बिजागरी ढिली झाली होती. मी शेजारच्या सुताराचे मोठे ड्रिल मशीन मागून आणले आणि ऐटीत बटण दाबले. स्क्रू क्षणात आत गेला, पण थांबला नाही. तो प्लायवूडमध्ये नुसताच फिरत राहिला आणि भोक मोठे झाले. दार पूर्वीपेक्षा जास्त लोंबू लागले. शेवटी सुतारानेच येऊन काड्यापेटीच्या काड्यांना गोंद लावला, त्या भोकात ठोकल्या आणि साध्या पेचकसाने हाताने स्क्रू बसवला. मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

असे का झाले? यंत्राच्या पिळाची ताकद न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीची काठी आडवी धरा आणि तिच्या टोकाला सुमारे 100 ग्रॅम वजन टांगा. तुमच्या मुठीवर जो पीळ पडतो, तो जवळजवळ एक न्यूटन-मीटर. 3.6 व्होल्टचा लहान पेचकस साधारण चार-पाच न्यूटन-मीटर पीळ देतो. 12 व्होल्टचे ड्रिल मशीन 30 न्यूटन-मीटरपर्यंतही देऊ शकते. म्हणजे त्याच काठीला तीन किलो वजन! बिजागरी, खेळण्याचे झाकण, खुर्चीचा पाय यांना एवढी ताकद सोसत नाही. भिंतीला भोक पाडायचे असेल, तर ते काम निराळे आणि त्याचे यंत्रही निराळे.

वजनाचाही विचार करा. स्टुलावर उभे राहून पडद्याच्या दांडीचे स्क्रू बसवताना हात डोक्याच्या वर असतो. तिथे किलोभर वजनाचे यंत्र पाच मिनिटांत हात दुखवते. लहान पेचकस अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. तो तुमची आई, बहीण, आजोबा कोणीही वापरू शकतो. घरातली असली कामे फक्त मुलांची, असे समजणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. मुलींनो, तुम्ही हे वाचत असाल, तर पहिला स्क्रू तुम्हीच बसवा.

बॅटरी लिथियम-आयन असावी. तशी बॅटरी 1991 मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या शोधासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. घरचे यंत्र महिनोन्‌महिने खणात पडून राहते, आणि ही बॅटरी तेवढ्याने रिकामी होत नाही. पूर्वीच्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या ऐनवेळी दगा देत.

बदलता येणारी टोके मात्र नीट पाहून घ्या. चपट्या खाचेचे आणि फुलीच्या खाचेचे स्क्रू वेगळे. फुलीतही लहानमोठी मापे असतात. टोक खाचेत घट्ट बसले नाही, तर खाच झिजते आणि मग तो स्क्रू कोणाच्याही बापाला निघत नाही. शेवटचा अर्धा फेरा मी हातानेच देतो. विजेच्या बोर्डाचे झाकण उघडायचे असेल, तर आधी मुख्य बटण बंद करा, आणि ते काम मोठ्या माणसाशिवाय करू नका.

आमच्या घरचा लहान पेचकस आता अम्मीच्या ताब्यात आहे. गेल्या रविवारी शेजारणीने तो पाळण्यासाठी मागून नेला. अजून परत आलेला नाही.