किबिनायची मुरड

कॉलेजच्या प्रत्येक फेस्टिव्हलमध्ये फूड स्टॉलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "खाद्यसंस्कृती जपली की संस्कृती आपोआप जपली जाते." ऐकायला छान वाटतं, शिवाय खायलाही मिळतं! पण मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य अर्धंच खरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी तुम्हाला थेट लिथुआनियाला नेणार आहे. घाबरू नका, व्हिसा लागणार नाही. मैदा, लोणी आणि मटण पुरे.

लिथुआनियाची राजधानी विल्निअस. तिथून साधारण २८ किलोमीटरवर त्राकाय नावाचं तळ्यांनी वेढलेलं गाव आहे. तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला आहे. येणारे पर्यटक दोन गोष्टी केल्याशिवाय परत जात नाहीत : किल्ला बघणे आणि किबिनाय खाणे. किबिनाय म्हणजे मटण-कांद्याचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या अर्धचंद्राकृती खाऱ्या करंज्या. (एक असेल तर किबिनास, अनेक असतील तर किबिनाय. तिकडेही व्याकरण सुटत नाही!)

गंमत म्हणजे हा पदार्थ मूळचा लिथुआनियन नाहीच. तो कराईम लोकांचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक वितौतास याने क्रिमियातून काही कराईम कुटुंबं आणून त्राकायमध्ये वसवली. किल्ल्याची राखण करणं हे त्यांचं एक काम. त्यांची भाषा तुर्की कुळातली. धर्म हिब्रू बायबल मानणारा, पण तलमूद न मानणारा. प्रार्थनामंदिराला ते केनेसा म्हणतात. रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या असलेली त्यांची लाकडी घरं त्राकायमध्ये अजून उभी आहेत. सहाशे वर्षं हे मूठभर लोक तिथे टिकून आहेत.

आता कृती. सुट्टीत घरी जाल तेव्हा जरूर करून बघा. (हॉस्टेलच्या रूमवर नको. रेक्टर सर, आम्ही हॉटप्लेट वापरत नाही, हे आपण जाणताच!) अर्धा किलो मैदा, पाव किलो लोणी, एक अंडं, मीठ. तिकडे सावर क्रीम घालतात, आपल्याकडे पाऊण वाटी आंबट चक्का चालतो. लोणी वितळवून मोहन घालायचं नाही, गारच चुरायचं. भाजताना ते वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. साट्याच्या करंजीचं तत्त्व काही फार वेगळं नाही. पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच मळायचं. जास्त मळलं तर ग्लुटेनचं जाळं घट्ट होतं आणि पारी चिवट होते. मग गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये.

सारणासाठी अर्धा किलो कोवळं बोनलेस मटण. खिमा आणायचा नाही! मटण सुरीने अगदी बारीक, वाटाण्याहून लहान चिरायचं. खिम्याचा आत गच्च गोळा होतो. चिरलेल्या मटणाचा रस तुकड्यातुकड्यात राहतो. तिकडे मेंढीचं मांस वापरतात, आपलं बोकडाचं मटण त्यामानाने कमी चरबीचं, म्हणून खाटकाकडून थोडी चरबी मागून घ्यावी. त्यात दोन मोठे कांदे बारीक चिरून, मीठ, मिरी आणि दोन-तीन चमचे पाणी. बस्स! आलं-लसूण, गरम मसाला यांना सुट्टी. सारण कच्चंच भरायचं, बंद पारीत ते आपल्याच रसात शिजतं. वरून फेटलेलं अंडं लावून १९० अंशांवर ३५-४० मिनिटं भाजायचं. पहिला तोडून आतलं मटण शिजलंय ना ते बघायचं, मगच बाकीचे बाहेर काढायचे. मोठ्या पुरीएवढी पारी घेतली तर साधारण बारा-चौदा होतात. हाताने खायचे, सोबत गरम सूप असेल तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे कड. किबिनायची कड काट्याने दाबत नाहीत, बोटांनी दुमडत दुमडत वेणीसारखी वळतात. मी इंग्रजी रेसिपी समोर धरून "क्रिम्प द एजेस" वाचत होते, तर आजी म्हणाली, "अगं, मुरड घाल म्हण की!" आणि तिने बघता बघता चार घालूनही दाखवल्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. करंजी वीस वर्षं खाल्ली, पण "मुरड" हा शब्द माझ्या तोंडात कधी आला नव्हता.

इथेच माझा मुद्दा सुरू होतो.

पदार्थ बदलला म्हणून मी कधीच ओरडणार नाही. आज त्राकायमध्येच चिकनचे, मशरूमचे, पालक-चीजचे किबिनाय मिळतात. आमच्या मेसमधल्या शाकाहारी मंडळींनी बटाट्याचे केले तरी कराईम लोकांचं काही बिघडत नाही. फक्त नाव तेच ठेवा, कोणाचा पदार्थ ते सांगा. पदार्थ प्रवास करतो, बदलतो आणि जगतो. किबिनाय तर मजेत जगतायत.

पण ज्यांनी ते आणले त्यांचं काय? लिथुआनियाच्या २००१ च्या जनगणनेत कराईम होते २७३. २०११ मध्ये २४१. २०२१ मध्ये दोनशेही भरले नाहीत. त्यातही कराईम भाषा बोलणारे अगदी मोजके, बहुतेक वयस्क. उप्साला विद्यापीठाच्या भाषाशास्त्रज्ञ एवा चाटो यांनी डेव्हिड नेथन यांच्याबरोबर या बोलीची मल्टिमीडिया सीडी तयार केली. त्राकायमध्ये मुलांसाठी उन्हाळी भाषावर्गही भरवले गेले. (कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमचं शिक्षण असंही कामाला येतं बरं का!) म्हणजे पदार्थ हजारो लोक खातायत आणि भाषा वाचवायला वर्ग भरवावे लागतायत. खाद्यसंस्कृतीने भाषा आपोआप वाचत असती, तर त्राकायमध्ये ती सगळ्यात ठणठणीत असती!

तुम्ही म्हणाल, मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, आपल्याला कसली भीती? मान्य. मराठी उद्या मरणार नाही. पण भाषा एकदम जात नाही, शब्दाशब्दाने जाते. मुरड, मोहन, साटा, पारी, सारण... करंजी दुकानात बाराही महिने मिळेल, पण हे शब्द पाकिटावर छापलेले नसतात. ते करणाऱ्याच्या तोंडात असतात, आणि करताना कोणी शेजारी बसलं तरच पुढे जातात. आपण फक्त खायला बसतो.

"आम्हाला वेळ कुठे? सबमिशन, सेमिस्टर, प्लेसमेंट..." हेही मान्य. इंग्रजी सोडा असं मी म्हणत नाही, माझी स्वतःची तर सगळी स्वप्नं इंग्रजीतच कंपाइल होतात! पण सुट्टीतली एक दुपार? घरी जाल तेव्हा आई, आजी, मावशी, जी कोणी करत असेल (बाबा किंवा काका करत असतील तर फारच छान) तिच्याशेजारी बसा. ती जे शब्द वापरते, तेच वहीत लिहून आणा. प्रमाण मराठीत "सुधारू" नका. मालवणी असू दे, वऱ्हाडी असू दे, अहिराणी असू दे. पुढच्या अंकात मराठी विभागाने त्यासाठी दोन पानं राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळाला जाहीर विनंती. मेसच्या मावशींकडून सुरुवात केली तर एस.टी.चं तिकीटही वाचेल.

पदार्थ जपायला जीभ लागते. भाषा जपायलाही जीभच लागते, फक्त तिला खाण्याबरोबर थोडं बोलावंही लागतं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी