विजोड पॅनेलांचा हिशेब

चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली की घरोघरी तीर्थयात्रेचे बेत सुरू होतात. अलीकडे काही कुटुंबे यात्रेसाठी मोठी व्हॅन घेऊन तिच्यात झोपण्याची सोय व लहानसे स्वयंपाकघर करून घेऊ लागली आहेत. त्याचे कारण चैन हे नव्हे. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळला जातो, कंदमूळ वर्ज्य असते आणि गाळून उकळलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणी वडीलधारी माणसे तोंडाला लावत नाहीत, त्या घराला कुंथलगिरीहून मांगीतुंगीकडे जाताना वाटेवरच्या हॉटेलांचा भरवसा धरता येत नाही. स्वयंपाकघर सोबत आले की दिवा, पंखा, मिक्सर, पाण्याचा लहान पंप हेही येते, आणि मग व्हॅनच्या टपावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार निघतो.

व्यापारी घरात नवी वस्तू आणण्यापूर्वी गोदामात काय पडून आहे ते पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. दुकानाच्या छतावरून उतरवलेले १०० वॅटचे एक जुने पॅनेल असते. गोदामाचे सौर काम झाले तेव्हा उरलेले ३३० वॅटचे एक मोठे पॅनेल असते. वायरमन दोन्हींची बेरीज करून ४३० वॅट सांगतो. कुटुंब त्या आकड्यावर बॅटरी घेते, पंखे घेते आणि निघते. दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामी डोंगराच्या पायथ्याशी रात्री बॅटरी उतरते. म्हातारी माणसे अंधारात बसून राहतात, पहाटे टाकीतले पाणी पंपाने वर येत नाही. दोष सूर्याला दिला जातो. चूक मात्र त्या बेरजेत असते.

प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागे एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरील वॅटचा आकडा सर्वजण वाचतात. त्याखालचे दोन आकडे क्वचितच कोणी वाचतो. ते म्हणजे पूर्ण काम करतानाचे व्होल्ट आणि अँपिअर. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर व्होल्ट हा भाव, अँपिअर हे वजन आणि वॅट ही पावतीवरची एकूण रक्कम. रक्कम दोघांची सारखी असली तरी भाव आणि वजन निरनिराळे असू शकते, आणि जोडणी ठरते ती भाव व वजन पाहून.

१०० वॅटच्या ३६ सेलच्या पॅनेलचा भाव साधारण १८ व्होल्ट आणि वजन साडेपाच अँपिअर असते. ३३० वॅटच्या ७२ सेलच्या पॅनेलचा भाव ३७ ते ३८ व्होल्ट, वजन पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. आता ही दोन पॅनेले समांतर, म्हणजे वायरमनच्या शब्दात पॅरलल, जोडली तर दोघांना एकाच भावाने विकावे लागते, आणि तो भाव लहान पॅनेलचा ठरतो. मोठे पॅनेल १८ व्होल्टवर ओढले गेले की त्याचे अर्धे उत्पन्न बुडते. दोन्ही मिळून हाती येतात सुमारे २६० वॅट. एकट्या मोठ्या पॅनेलने याहून अधिक दिले असते! भागीदार घेतल्याने उत्पन्न घटावे, असा हा व्यवहार आहे.

एकसर, म्हणजे सिरीज, जोडणीत भावांची बेरीज होते, पण वजन दोघांचे एकच राहावे लागते. पोती हातोहात पुढे देणाऱ्या हमालांच्या रांगेत सगळ्यात सावकाश असलेल्या हमालाचा वेग साऱ्या रांगेला लागू होतो, तसेच हे. साडेपाच अँपिअरवर दोघांचे मिळून फार तर ३२० वॅट निघतात. लहान पॅनेलमधील बायपास डायोडने त्याला बाजूला ठेवले तर मोठ्याचे स्वतःचे जवळपास ३३० वॅट मिळतात. म्हणजे लहान पॅनेल टपावर नुसते वजन वाढवून बसलेले असते.

हेच जुने १०० वॅटचे पॅनेल १६० वॅटच्या ३६ सेलच्या पॅनेलशी समांतर जोडले तर मात्र चित्र पालटते. दोघांचा भाव १८ व्होल्टच. वजन साडेपाच आणि सुमारे नऊ. बेरीज जवळजवळ पूर्ण, २६० वॅट. वॅट विजोड असले तरी चालते, व्होल्ट जुळले पाहिजेत. एकसर जोडायचे तर उलट, अँपिअर जुळले पाहिजेत. व्हॅनला समांतर जोडणी आणखी एका कारणाने बरी: धर्मशाळेच्या आवारात कडुनिंबाची सावली एका पॅनेलवर पडली तरी दुसऱ्याचे काम चालू राहते. मात्र समांतर जोडणीत अँपिअर वाढतात, म्हणून तार जाड हवी. चौदा अँपिअर पाच मीटर अंतरावर न्यायचे असतील तर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. अडीचच्या तारेत व्होल्टची गळती दीडपटीहून जास्त होते.

ज्या घरी १०० आणि ३३० हीच जोडी आहे, त्यांनी प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र चार्ज कंट्रोलर द्यावा आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला जोडावेत. खाती वेगळी, तिजोरी एक. मोठ्या पॅनेलचा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच असावा. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या भावावर, साडेतेरा व्होल्टच्या आसपास, खाली आणतो; मग ३३० वॅटच्या पॅनेलमधून जेमतेम १२० वॅट मिळतात. कंट्रोलर घेताना वाचवलेले पैसे असे रोज वजा होत राहतात.

काटकसरीपेक्षा जीव मोठा, म्हणून थोडे धोक्याविषयी. हीच जोडी एकसर जोडली तर भार नसताना व्होल्ट ६८ च्या घरात जातात, आणि थंडीच्या पहाटे सत्तरच्या वर. ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर पहिल्याच सकाळी जळेल. घरातील साधे बटण पॅनेलच्या तारेवर बसवू नये. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही, आणि शेजारी गॅसचा सिलिंडर असतो. तेथे डीसीसाठीचाच स्विच हवा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे. तीन किंवा अधिक पॅनेले समांतर असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज द्यावा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

अपेक्षाही माफक ठेवावी. टपावर आडवे ठेवलेले पॅनेल डिसेंबरात भर दुपारीदेखील, सूर्य कललेला असल्याने, पूर्ण उत्पन्न देत नाही. २६० वॅटमधून दिवसाला एक युनिटच्या आतबाहेर वीज धरावी. इंडक्शन शेगडी तासाभरात त्याच्या जवळपास दुप्पट खाते, म्हणून स्वयंपाक गॅसवरच. चौविहार पाळणाऱ्या घराला येथे एक आयती सोय आहे: मिक्सर आणि पंपाचे काम ऊन असतानाच आटोपते, रात्री बॅटरीवर राहतात ते दिवे आणि पंखे.

३३० वॅटचे पॅनेल दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीस किलोहून जड असते. ते चिकटपट्टीवर न सोडता टपाच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टने आवळावे, आणि वाहनात असा बदल करण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनी यांना विचारून घ्यावे. लहान पॅनेलला टपावर जागा उरली नाही, तर ते शेतातल्या खोपीवर एक दिवा आणि मोबाइल यांच्यापुरते अजून बरीच वर्षे चालेल.