दहिसर नदी ऑप्शनला

बोरिवलीतल्या दहावीच्या कुठल्याही मुलाला विचारा. गंगोत्री, देवप्रयागला भेटणारी अलकनंदा, सुंदरबनचा त्रिभुज प्रदेश, सगळं धडाधड सांगेल. त्याच्याच इमारतीमागून वाहणाऱ्या नदीचं नाव विचारलं की गडी गप्प. परीक्षेला येत नाही ना! माझी सारी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, म्हणून हे जरा जास्तच टोचतं.

गंगा २,५०० किलोमीटरची, तिला नकाशाच लागतो. दहिसर नदी जेमतेम १२ किलोमीटरची; एका सहलीत उगमापासून मुखापर्यंत बघून होते. तुळशी तलावाच्या डोंगरात उगम, मग राष्ट्रीय उद्यानातून उतरून श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण आणि शेवटी मनोरीची खाडी. त्रिभुज प्रदेश नाही, मान्य. पण भरती-ओहोटी, चिखल आणि तिवरं आहेत.

उद्यानात पावसाळा सरता सरता पाणी इतकं नितळ असतं की तळाच्या दगडांवरून सरकणारे बारके मासे काठावरून दिसतात. तेच पाणी वस्तीत शिरलं की तबेल्यांचं शेण आणि गटारांचं सांडपाणी त्यात मिसळतं. पुलावरून पाहिलं तर पाण्यावर हिरवट काळी साय, आणि भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाला लोंबणाऱ्या दुधाच्या पिशव्या.

हो, भिंती मात्र झाल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे उपनगरांना आपल्या नद्यांची आठवण झाली. त्यावर उत्तर काय, तर काँक्रीट. पण भरतीच्या वेळी खाडीच पाणी घेत नाही. मग ते मागे तुंबणारच. पूर्वी ते काठांवर पसरायचं. ते काठ आपण बांधकामांखाली घातले. आधी गटारं वळवायची की आधी भिंत बांधायची, हे सांगायला भूगोलाची पदवी लागत नाही.

गाळ वाहून आणणं हे नदीचं कामच आहे. त्याच गाळावर मुखाशी तिवरं उभी राहतात. पण मे महिन्यात पोकलेन लावून जो उपसतात, त्यात डोंगराची माती किती आणि आपलं शेण, प्लास्टिक किती? दरवर्षी किती टन गाळ काढला याचे आकडे छापून येतात. मला दुसराच आकडा हवाय: श्रीकृष्णनगर ते गावठाण या पट्ट्यात नदीत सांडपाणी सोडणारी किती तोंडं यंदा बंद केली? तो वॉर्डवार छापा.