सण यावा, घर थकू नये

मार्गशीर्ष उजाडला की गोमंतकात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, ८ डिसेंबरला पणजीचे, २५ डिसेंबरला नाताळ, ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त, पौषात फातर्प्याची जत्रा आणि जानेवारीच्या मध्यास मकरसंक्रांत, अशी सणांची रांगच लागते. हवेत गारवा असतो, अंगणात शेवंती फुललेली असते, मुलांना सुटी असते. मुंबई-पुण्याकडील आप्त गावी येतात, परदेशी राहणारे वर्षातून एकदा ह्याच दिवसांत घर गाठतात. हिंदूचे घर असो वा ख्रिस्ती बांधवांचे, ह्या दिवसांत दारावरची पायताणे मोजण्याची सोय नसते.

पाहुणचाराचा आम्हां गोमंतकीयांना अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. कोकणीत स्वागताला 'येवकार' म्हणतात. त्या शब्दातच 'ये' ही हाक ऐकू येते. परंतु अलीकडे ह्या हाकेच्या मागे एक दमलेला सूर येऊ लागला आहे, असे आम्हांला वाटते. सुटीनंतर आम्ही वर्गात 'माझी सुटी' ह्या विषयावर निबंध लिहून घेतो. त्या निबंधांत चांदणी असते, दिव्यांच्या माळा असतात, मामाने आणलेली भेट असते, पानभर पदार्थांची नावे असतात. आई मात्र बहुधा एकाच ठिकाणी भेटते, स्वयंपाकघरात. पाहुणे गेल्यावर ती आजारी पडली, हेही काही मुले सहज लिहून जातात. ज्या सणाच्या आनंदात घरातील एक माणूस कधीच बसत नाही, तो सण साऱ्या घराचा झाला असे कसे म्हणावे?

ह्याचे मूळ पाहुण्यांच्या संख्येत नाही. पाहुणे पूर्वीही येत, किंबहुना अधिक येत आणि अधिक दिवस राहत. मूळ आहे ते तुलनेत. पूर्वी तुलना झालीच तर शेजारच्या घराशी होई, आणि शेजाऱ्याची ओसरी आपल्याच ओसरीसारखी असे. आता हातातल्या मोबाइलवर साऱ्या जगातील सजलेली घरे दिसतात. ती घरे छायाचित्रापुरती सजलेली असतात, हे ध्यानात न घेता आपण आपल्या भिंतीकडे पाहतो आणि ती ओकीबोकी वाटू लागते. मग बाजारातून तयार शोभा आणावी, पदार्थांची संख्या वाढवावी आणि प्रसंगी उसनवारी करावी, हे ओघाने येते. ऋण काढून सण करू नये असे आपले वाडवडील सांगत. आपण केवळ पैशाचेच नव्हे, तर शक्तीचेही ऋण काढू लागलो आहोत.

याहून गंभीर परिणाम आम्हांला मुलांमध्ये दिसतो. आपले घर लहान, भिंतींना रंग नाही, बसायला खुर्च्या पुरत नाहीत, म्हणून मित्राला घरी बोलवायचे टाळणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ती दुसऱ्याकडे आनंदाने जातात, पण 'आमच्याकडे या' हे शब्द त्यांच्या ओठांवर येत नाहीत. सजावटीचा आणि मेजवानीचा बडेजाव वाढतो, तसतशी ही मुले अधिक मिटत जातात. थाटामाटाची खरी किंमत जर कोणी मोजत असेल, तर ती हीच मुले होत.

वास्तविक साधेपणाने घर सजवावे कसे व पाहुण्याला तृप्त करावे कसे, हे परक्याकडून शिकण्याची आपल्याला गरज नाही. चवथीला गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीचेच पाहा. नारळ, सुपारीची शिपटी, केळी, रानातील फळे, वेली आणि पाने यांनी ती सजते. परसात आणि डोंगरावर जे पिकते तेच तिथे शोभा होऊन लोंबते. नाताळच्या गोठ्याचेही तसेच आहे. गोठा उभारण्याची प्रथा लोकप्रिय झाली ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यामुळे. इटलीतील ग्रेच्चो ह्या गावी १२२३ साली त्यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडली आणि तिच्यापाशी खराखुरा बैल व गाढव उभे केले. येशूचा जन्म किती गरिबीत झाला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे हा त्यांचा हेतू होता. ती गव्हाण श्रीमंती दाखविण्यासाठी सजविणे म्हणजे मूळ अर्थच उलटा करणे नव्हे काय? आमच्याकडील ख्रिस्ती घरांत आजही गोठ्यासाठी नाचणी पेरतात. भिजविलेली नाचणी ओल्या मातीच्या थरावर पसरली की दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवे कुरण तयार होते. खर्च मूठभर धान्याचा. आणि रोज सकाळी कोंब किती वाढले हे पाहण्याचा मुलांचा आनंद बाजारात विकत मिळत नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीतही एक शहाणी रीत आपल्यापाशी आहे. नाताळात शेजारीपाजारी गोडाची ताटे पाठवितात, त्यांना 'कोंसुआद' म्हणतात. त्या ताटात नेवऱ्या असतात, कुलकुले असतात, दोदोल असते, बेबिंका असते. दिवाळीचे फोव आणि चवथीच्या नेवऱ्या आपणही त्यांच्याकडे पाठवितो. आता बेबिंका करणे म्हणजे काय, हे जिने केली तिलाच ठाऊक. एक थर ओतावा, वरून निखाऱ्याची आच देऊन तो भाजावा, मगच दुसरा ओतावा. सात थर व्हायला अर्धा दिवस जातो. दोदोलही तासन्‌तास घोटावे लागते. हे सारे पदार्थ प्रत्येक घराने करावेत हा हट्ट कशासाठी? वाड्यावरील चार घरांनी एकेक पदार्थ वाटून घेतला आणि ताटांची देवघेव केली, तर प्रत्येक घरात चार पदार्थ येतील आणि प्रत्येक घराचा तीन पदार्थांचा शीण वाचेल. शिवाय ताट पोहोचविण्याच्या निमित्ताने मुले शेजाऱ्यांच्या घरात जातील, हा लाभ वेगळाच.

संक्रांतीचे हळदीकुंकू हा तर सुटसुटीत पाहुणचाराचा नमुनाच होय. पाहुणी येते, तिळगूळ घेते, दोन शब्द बोलते, लहानसे वाण घेऊन पुढच्या घरी जाते. अर्ध्या तासाची भेट, पण मन भरते. ह्यातही वाणाच्या किमतीची चढाओढ शिरू लागली आहे. ती वेळीच रोखली, तर ही रीत आजच्या धावपळीच्या संसारालाही सोयीची ठरेल.

तेव्हा ह्या थंडीत काय करावे? आमच्या मते सारे घर सजविण्याचा ध्यास सोडून दोनच जागा निवडाव्यात, दार आणि पाहुणे बसतात ती खोली. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे व झेंडूचे तोरण, उंबऱ्यापुढे रांगोळी, खोलीत तांब्यात ठेवलेली शेवंती, एवढे पुरेसे आहे. चांदणी वा आकाशकंदील घरीच करावा. बांबूच्या चोया, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ एवढेच साहित्य लागते, आणि बांधून ठेवलेला सांगाडा पुढच्या वर्षी नवा कागद लावून पुन्हा वापरता येतो. शोभेच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याचा मोह तर मुळीच नको. विजेची एक माळ दारावर जरूर लावावी, परंतु एकाच खुंटीत चार तारा खुपसू नयेत आणि कागदाजवळ पेटती मेणबत्ती ठेवू नये.

फराळात पंधरवडाभर टिकणारे पदार्थ आधी करून ठेवावेत. चिवडा, शंकरपाळे, तिळाचे लाडू हे एका रविवारी साऱ्या घराने मिळून केले, तर ते काम न राहता गप्पांची बैठक होते. ऐन दिवशी एकच ताजा पदार्थ करावा. गूळ-खोबरे घातलेले फोव दहा मिनिटांत होतात. पाणी देणे, कपबश्या विसळणे, पाने मांडणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांनी वाटून घ्यावीत. आणि पाहुणे बसले की आईनेही बसावे. हा नियम सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत कमी पाळला जातो.

कोणी म्हणेल, हा साधेपणाच्या नावाखाली कृपणपणा झाला. वर्षाचा सण, हात आखडता का घ्यावा? आमचे म्हणणे हात आखडण्याचे नाही. ज्याला ऐपत आहे व हौस आहे, त्याने खुशाल सात थरांची बेबिंका करावी. हौसेने केलेले श्रम माणसाला दमवीत नाहीत. लोक काय म्हणतील ह्या भीतीने केलेले श्रम दमवितात. पाहुण्याच्या बाजूनेही विचार करावा. त्याला पदार्थ कमी पडल्याचे फारसे स्मरत नाही. यजमानीण आपल्याशी चार शब्दही बोलू शकली नाही, हे मात्र स्मरते.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या सुटीत एक गोष्ट करा. आजवर तुमच्या घरी कधी न आलेल्या एका वर्गमित्राला वा मैत्रिणीला घरी बोलवा. घर आहे तसे असू द्या. चटईवर बसा, लाडू-चिवडा खा, आणि आईवडिलांनाही त्या चटईवर ओढून आणा. त्या मित्राने उलट तुम्हांला बोलावले, तर त्याच्या घरात काय नाही हे पाहू नका. त्याने बोलावले, ह्यातच सारे आले असे समजा. सुटीनंतरच्या तुमच्या निबंधात आई स्वयंपाकघराबाहेर भेटली, तर आम्हांला फार आनंद होईल.