बंडल घेताना दुसरा कंट्रोलर मोजा

सदर : घरचा हिशोब



दिवाळीचा बोनस जवळ आला की घराघरांत मुलांची एक मागणी ऐकू येते, "यंदा कन्सोल घेऊया ना!" खरं सांगायचं तर बाबांनाही तो हवाच असतो. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटवर फुंकर मारून ती पुन्हा खोचणारी पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. मग घरातलं कुणीतरी व्यवहारी माणूस विचारतं, "एवढे पैसे घालायचे, पण खेळणार कोण कोण?"

बंडल निवडायला सुरुवात याच प्रश्नापासून करावी. बंडल म्हणजे कन्सोलबरोबर एखादा गेम, कधी हेडसेट, कधी काही महिन्यांची मेंबरशिप असा एकत्र विकला जाणारा संच. खोक्यावर "इतक्या हजारांची बचत" असं ठळक छापलेलं असतं. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण एवढ्या महागड्या हौसेला हिशोब तरी हवा.

आधी माणसं मोजा

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्सच्या खोक्यात साधारणपणे एकच कंट्रोलर असतो. म्हणजे घरात पाच माणसं असली तरी पहिल्या दिवशी खेळणार एक आणि बघणार चार. प्लेस्टेशनचा दुसरा कंट्रोलर घ्यायचा तर साधारण सहा हजार रुपये मोजावे लागतात. म्हणून समोर दोन बंडलं असतील, एकात नवा गेम आणि दुसऱ्यात जास्तीचा कंट्रोलर, तर कुटुंबासाठी बहुतेक वेळा दुसरं बंडल फायद्याचं. गेम तीन आठवड्यांत संपेल, कंट्रोलर काही वर्षं चालेल.

बंडलमधला गेम घरातल्या कुणाला खेळायचा नसेल, तर त्याची छापील किंमत कितीही असो, आपल्या हिशोबात ती शून्य धरा. २०२२ मध्ये प्लेस्टेशनचं 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'सोबतचं बंडल आलं होतं. गेम उत्तम, पण युरोपच्या पेगी मानांकनात तो १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. घरात आठ आणि अकरा वर्षांची मुलं असतील तर तो 'फुकट' गेम कपाटातच राहणार.

कोणता कन्सोल?

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. त्याचं स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये आलं, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिजिटलची ४४,९९०. प्लेस्टेशन ४ चे बहुतेक गेम यावर चालतात, हा त्याचा मोठा फायदा. घरात जुना पीएस ४ असेल तर त्याच्या डिस्का टाकू नका. मात्र जुन्या कंट्रोलरनं फक्त पीएस ४ चेच गेम खेळता येतात, पीएस ५ चे नाही.

एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला. छोटा, शांत, वीज कमी खाणारा. पण त्यात डिस्क घालायची सोयच नाही, सगळे गेम डाउनलोड करावे लागतात. मूळ मॉडेलची साठवण ५१२ जीबी आहे आणि हल्लीचे मोठे गेम एकेकटे शंभर जीबीच्या आसपास जातात. घरचं इंटरनेट किती वेगाचं आहे, हे आधी पाहा.

निंटेंडो स्विच कुटुंबासाठी सगळ्यात सुटसुटीत. खोक्यातले दोन छोटे जॉय-कॉन दोघांच्या हातात दिले की अनेक गेम दोघांना लगेच खेळता येतात. अडचण एकच, निंटेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही. दुकानात दिसतो तो बाहेरून आणलेला माल, आणि वॉरंटी असलीच तर दुकानदाराची. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चं एक स्वस्त मॉडेल फक्त जपानसाठी आहे. त्यात जपानी भाषाच चालते आणि खातंही जपानचंच लागतं. कुणी फारच कमी भावात देत असेल तर हे आधी विचारा.

डिस्क की डिजिटल?

प्लेस्टेशनचं स्लिम मॉडेल आलं तेव्हा त्याच्या दोन प्रकारांत दहा हजारांचा फरक होता. नवा मोठा गेम अनेकदा ४,९९९ रुपयांना येतो. समजा तुम्ही तो डिस्कवर घेतला आणि खेळून झाल्यावर अडीच हजारांना विकला. अशा चार डिस्कांत दहा हजार वसूल, पाचव्यापासून नफा. तीन वर्षांत चारपेक्षा जास्त मोठे गेम घेणारं घर असेल तर डिस्कवालं मॉडेल परवडतं. वर्षाला एखादाच गेम, तोही सेलमध्ये घेणार असाल तर डिजिटल बरं. स्लिमच्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो.

आपल्यासारख्या गोतावळ्यात डिस्कचा आणखी एक फायदा आहे. मामेभावाकडची डिस्क आपल्याकडे, आपली त्याच्याकडे. मंडळाच्या चार घरांनी ठरवून वेगवेगळे गेम घेतले तर एकाच्या खर्चात चौघांची सोय होते. वाचनालयाची पुस्तकं जशी फिरतात तशा डिस्का फिरू द्या.

इथेच बंडलची मेख असते. पुष्कळ बंडलांत डिस्क नसते, कोड छापलेला कागद असतो. तो एकदा वापरला की गेम त्याच खात्याला कायमचा चिकटतो, देता येत नाही आणि विकताही येत नाही. काही कोडांना मुदतही असते. "आत डिस्क आहे की कोड?" हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

खोक्याबाहेरचा खर्च

आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार मेंबरशिपमध्ये होतो. तीन महिने मोफत, मग खात्यातून आपोआप पैसे जायला लागतात. घेतल्या दिवशीच हे 'ऑटो रिन्यूअल' बंद करा. ऑनलाइन दुसऱ्यांशी खेळायचं असेल तर बहुतेक विकत घेतलेल्या गेमना मेंबरशिप लागते, 'फोर्टनाइट'सारख्या मोफत गेमना प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर लागत नाही. आणि घरात चार जण आहेत म्हणून चार मेंबरशिप घेऊ नका. प्लेस्टेशन ५ वर 'कन्सोल शेअरिंग' चालू ठेवलं की एका खात्यावरचे गेम आणि ऑनलाइन खेळण्याची सोय त्याच कन्सोलवर घरातल्या बाकीच्यांनाही मिळते.

मुलांसाठी वेगळं बालखातं उघडा आणि त्याची खर्चमर्यादा शून्य ठेवा. फुटबॉलच्या गेममधली खेळाडूंची पाकिटं किंवा फोर्टनाइटचे पोशाख खऱ्या पैशांनी विकत मिळतात. लहान मुलाला ते खेळाचाच भाग वाटतात.

विजेची काळजी मात्र फार नको. पीएस ५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिट. सिरीज एस त्याच्या निम्म्याहूनही कमी घेतो.

घाई नसेल तर सेलची वाट पाहा. जुलै २०२३ मध्ये ५४,९९० चा पीएस ५ काही दिवस ४७,४९० ला मिळत होता. साडेसात हजारांची ती सूट म्हणजे एक कंट्रोलर आणि वर एखादी जुनी डिस्क.

बैठकीतला खेळ

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेमच्या माहितीत '१ ते ४ खेळाडू' असं असेल तर ते एका टीव्हीसमोर की फक्त ऑनलाइन, हे नीट वाचा. 'सॅकबॉय' आणि 'ओव्हरकुक्ड' चार जणांना एकत्र खेळता येतात. 'इट टेक्स टू' तर एकट्याला खेळताच येत नाही, दोघं लागतातच. स्विचवर 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' एका टीव्हीवर चौघांना खेळता येतो. आणि प्रत्येक पीएस ५ मध्ये 'ॲस्ट्रोज प्लेरूम' आधीच मोफत भरलेला असतो. आजी-आजोबांना कंट्रोलर शिकवायला तो छान आहे.

बडोदा, इंदूर किंवा बेळगावात वाढणारी आपली मुलं शाळेत एक भाषा बोलतात, गल्लीत दुसरी. खोलीचं दार लावून, हेडसेट घालून खेळताना त्यांच्या तोंडी इंग्रजी किंवा हिंदीच असते. तोच कन्सोल बैठकीत ठेवला आणि दुसरा कंट्रोलर आजीच्या हातात दिला, की "आजी, उडी मार! अगं, डावीकडे!" हे मराठीतच निघतं. सुट्टीत पुण्या-नागपूरची भावंडं आली, की एकेकटी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी चार मुलं एका सोफ्यावर भांडायला लागतात. ते भांडण मला तरी स्वस्त वाटतं.

नव्याचे नऊ दिवस सरल्यावरही जे खोकं उघडलं जातं, तेच बंडल स्वस्त. दुकानात जाताना चार प्रश्न लिहून न्या. कंट्रोलर किती? डिस्क की कोड? वॉरंटी कोणाची? यातला गेम आमच्या घरात कोण खेळणार? चौथ्याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, ते घरूनच ठरवून निघा.